10 किलोची खुर्ची

आजचा भाग फर्निचरवर आहे. कंटाळवाणं वाटलं ना? थांबा जरा. जोहान्सबर्गमधल्या एका बैठकीत एक ओळ बदलली आणि इकडे जोधपूरच्या सुतारांचं काम कमी झालं, अशी ही गोष्ट आहे.

सुरुवात आपल्या घरातून करू. जुन्या वाड्यात काळंभोर, जड, दोघांना न हलणारं शिसवी कपाट बघितलं असेल. त्या शिसवाचं शास्त्रीय नाव डालबर्जिया लॅटिफोलिया. 19 व्या शतकात मुंबईत याच लाकडाचं भरगच्च नक्षीकाम केलेलं फर्निचर बनायचं आणि जहाजाने पार इंग्लंडला जायचं. बॉम्बे ब्लॅकवुड म्हणतात ते हेच. याचा उत्तरेकडचा चुलतभाऊ म्हणजे शीशम, डालबर्जिया सिस्सू. दोघांचं आडनाव एकच आहे, हे लक्षात ठेवा. सगळा घोळ त्या आडनावाचा आहे.

आता जोधपूर. वाळवंटाच्या कडेला वसलेलं शहर, आसपास जंगलाचा पत्ता नाही. मग लाकडाचा धंदा तिथे का? कारण सुरुवात लाकडापासून झालीच नाही, जुन्या वस्तूंपासून झाली. हवेल्यांचे दरवाजे, पेट्या, झरोके परदेशी व्यापारी विकत घेऊ लागले. पण जुना माल किती पुरणार? शिवाय 1972 च्या कायद्यामुळे 100 वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. मग कारागिरांनी तसाच दिसणारा नवा माल बनवायला घेतला. उत्तर भारतातून शीशम यायचं, बोरानाडा आणि बासनीच्या कारखान्यांत त्याचं टेबल व्हायचं, आणि कंटेनर मुंद्रा बंदरातून अमेरिका-युरोपला निघायचा.

त्याच काळात चीनमध्ये वेगळंच काहीतरी चालू होतं. तिथे पैसा आला आणि होंगमू नावाच्या पारंपरिक लाल लाकडाच्या फर्निचरची क्रेझ आली. त्यासाठी आग्नेय आशिया, मादागास्कर, मध्य अमेरिका इथली डालबर्जियाची झाडं बेसुमार तोडली गेली, बरीचशी बेकायदा. एका जातीवर निर्बंध आला की तस्कर लाकडाला दुसऱ्या जातीचं नाव द्यायचे. आणि कस्टमच्या माणसाला कापलेली फळी बघून जात कशी कळणार?

म्हणून साइटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, 2016 च्या जोहान्सबर्ग बैठकीत ग्वाटेमालासह काही देशांनी प्रस्ताव आणला: एकेक जात कशाला, अख्खी डालबर्जिया प्रजातीच परिशिष्ट 2 मध्ये टाका. तो मंजूर झाला आणि 2 जानेवारी 2017 पासून लागू झाला. कोडिंगवाल्यांना लगेच कळेल, हा वाइल्डकार्ड आहे. डालबर्जिया, पुढे स्टार. अडीचशेहून जास्त जाती एका ओळीत.

मला हा नियम मूर्खपणाचा वाटत नाही. तस्करी रोखायची तर दुसरा सोपा मार्ग नव्हताच. पण वाइल्डकार्डात निर्दोष फाइलीही सापडतात. आपला शीशम कालव्यांच्या काठी, रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर मुद्दाम लावला जातो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात तर तो उपद्रवी परका वृक्ष मानला जातो, बोला!

परिशिष्ट 2 म्हणजे बंदी नव्हे, परवाना. लाकूड कायदेशीर आहे, झाड तोडल्याने ती जात धोक्यात येत नाही, हे दाखवा आणि माल पाठवा. कागदावर ठीकच. पण झाड शेतकऱ्याच्या बांधावरचं, घेतलं ठेकेदाराने, चिरलं आरा मशीनवर, तिथे दहा गावचं लाकूड एकत्र झालं. हा माग काढायचा कोणी? हस्तकला निर्यात परिषदेच्या 'वृक्ष' प्रमाणपत्राने वाट काढली खरी, पण परदेशी ग्राहकाला कटकट नको असते. तो सरळ दुसरं लाकूड मागतो. सरकारी अंदाजानुसार शीशमच्या वस्तूंची निर्यात वर्षाला 1,000 कोटींवरून 500-600 कोटींवर आली, आणि सुमारे 50,000 कारागिरांच्या पोटावर परिणाम झाला.

2019 मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत भारताने शेजारी देशांसोबत शीशम यादीतून काढा अशी मागणी केली. ती फेटाळली गेली. कारण तेच, फळ्या सारख्या दिसतात. गिटार आणि बाकी तयार वाद्यांना मात्र तिथेच सूट मिळाली. (वाद्यवाल्यांची लॉबी सुतारांपेक्षा सुरात गाते, असं माझं मत.) फर्निचरला काय मिळालं? एका खेपेत 10 किलोपर्यंत लाकूड. अख्ख्या कंटेनरसाठी 10 किलो म्हणजे चेष्टाच!

शेवटी नोव्हेंबर 2022 मध्ये पनामात मार्ग निघाला. 10 किलो खेपेला नव्हे, प्रत्येक वस्तूला. आणि वजन फक्त लाकडाचं, लोखंड-पितळ धरायचं नाही. लोखंडी पाय आणि वर लाकडी फळी असा माल जोधपूरला आधीपासून बनतोच, त्यामुळे ही सवलत कामाची. खुर्ची सुटली, स्टूल सुटलं. पलंग आणि मोठं डायनिंग टेबल अजून परवान्याच्या रांगेत.

तोवर बराच धंदा आंब्याच्या लाकडाकडे गेला होता. फळ कमी झालं की झाड विकलं जातं, वर साइटिसचा निर्बंध नाही. पण आंब्याला कीड लवकर लागते, म्हणून आधी औषध मुरवावं लागतं. मग भट्टीत वाळवून ओलावा साधारण 8 ते 12 टक्क्यांवर आणावा लागतो. यात घाई केली तर अमेरिकेतल्या हीटर लावलेल्या कोरड्या घरात पहिल्याच हिवाळ्यात टेबलाला भेग पडते, आणि मग पैसे परत.

त्यात 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर एकूण 50 टक्के कर लावला होता. तिकडे युरोपचा जंगलतोडविरोधी कायदा दोनदा पुढे ढकलला गेला, पण रद्द झालेला नाही. त्यात लाकडी फर्निचर येतं, आंब्याचंही. झाड जिथे तोडलं त्या जमिनीचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. ते नोंदवायला आपल्या खिशातला फोन पुरतो. पण नोंदवणार कोण? झाड विकून मोकळा झालेला शेतकरी, की दहा गावचं लाकूड एकाच ढिगात टाकणारा आरा मशीनवाला?