एमआरआय नॉर्मल, तरी ऐकू का येत नाही?

पिंपळगाव बसवंतच्या माझ्या मावशीला तीन-चार महिन्यांत दोन्ही कानांनी कमी ऐकू यायला लागलं. फोन स्पीकरवर ठेवूनही 'काय म्हणालास?' सुरूच. नाशिकला एमआरआय केला, रिपोर्ट आला नॉर्मल. घरचे निर्धास्त झाले. डॉक्टरांनी मात्र ऑटोइम्यून बहिरेपणाची शंका धरून स्टेरॉइड सुरू केलं. मग स्कॅन कशासाठी होता?

आजार काय आहे?
यात रोगप्रतिकारशक्ती आपल्याच आतल्या कानावर हल्ला करते. ऐकणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत घटतं, बहुतेकदा दोन्ही कानांचं. अमेरिकेतले डॉ. ब्रायन मॅककेब यांनी १९७९ मध्ये हा वेगळा आजार म्हणून मांडला.

स्कॅनमध्ये काय दिसतं?
सीटीत कानाचं हाड नीट दिसतं. एमआरआयमध्ये ऐकण्याची नस आणि आतल्या कानातला द्रव दिसतो. नसेवर गाठ तर नाही ना, हे त्यातून कळतं. म्हणजे स्कॅनचं मोठं काम दुसरी कारणं बाद करणं हे आहे.

काय दिसत नाही?
आवाज टिपणाऱ्या केसपेशींची जाडी मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढी असते. एमआरआयचा एक ठिपका सहसा अर्धा मिलिमीटर. कमी मेगापिक्सेलचा फोटो कितीही झूम करा, नसलेला तपशील येणार कुठून?

उशिरा घेतलेला एमआरआय
गॅडोलिनियमचं इंजेक्शन शिरेतून देऊन साधारण चार तासांनी थ्रीडी फ्लेअर नावाचा स्कॅन घेतात. कानातल्या एका कप्प्यातला द्रव उजळतो, शेजारचा काळा राहतो. काळा कप्पा फुगलेला असला तर कळतं. रक्तवाहिन्यांमधून गळती वाढली असेल तर उजळपणा जास्त दिसतो. पण असे बदल मेनिएर आजारातही दिसतात, म्हणून एवढ्यावर निदान होत नाही.

मग निदान कसं?
पुन्हा पुन्हा केलेली ऑडिओमेट्री, रक्ततपासणी आणि स्टेरॉइडने ऐकणं सुधारतं का, हे सगळं एकत्र बघून. एकच पक्की टेस्ट नाही.

लक्षात ठेवा
- प्रत्येक ऑडिओग्रामचा फोटो तारखेसह फोनमध्ये ठेवा. उतार त्यातच दिसतो.
- पेसमेकर, शरीरातलं इम्प्लांट किंवा किडनीचा त्रास असेल तर स्कॅनआधी सांगा.
- अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. उपचाराला उशीर झाला तर गेलेलं ऐकणं परत येण्याची शक्यता कमी होते.

रिपोर्टवरचं 'नॉर्मल' म्हणजे स्कॅनला दोष दिसला नाही, एवढंच. कान ठीक आहे का, ते ऑडिओग्रामला विचारा.