भिंतीआडची रेंज

भिंतींना कान असतात, असं आपले वाडवडील सांगून गेले. भिंतींना पोटही असतं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांच्या काळी वायफाय नव्हतं. हल्ली घरोघरी हॉलमध्ये शिंगं फुटलेला एक बॉक्स असतो. त्यातून निघालेली रेंज मधल्या खोलीची भिंत थोडी खाते, स्वयंपाकघराची आणखी थोडी खाते, आणि मागच्या खोलीतल्या आजीच्या वाट्याला येतो तो पंगत उठल्यावर पातेल्याच्या बुडाशी राहिलेला मठ्ठा. नातू परदेशातून अर्धा तास बोलतो. आजीला दिसतो तो त्याचा उघडा राहिलेला जबडा.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनानं या भानगडीत कशाला पडावं? खरं आहे. मी बी.कॉम. माणूस. लहरींशी माझा संबंध आला तो फक्त साहेबांच्या. पण या वायफायचं कूळ शोधायला गेलो, तर त्याचं एक मूळ थेट गल्ल्यापाशी निघालं! तेव्हा हा इतिहास मी हक्कानं सांगतो.

सुरुवात आपल्याकडचीच. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी तारेवाचून लहरी पाठवल्या, लांबची घंटा वाजवली आणि दारू उडवून दाखवली. (बंदुकीची दारू. गैरसमज नको.) वाटेत भिंती होत्या, शिवाय बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर मॅकेन्झीसाहेबही होते. लहरी साहेबांच्या अंगातून आरपार गेल्या असं सांगतात. इतक्या वरच्या साहेबाकडून एखादी गोष्ट न अडता पुढे गेली, हा मला त्या प्रयोगातला खरा चमत्कार वाटतो.

मग एकदम १९७१ साली हवाई बेटांवर येऊ. तिथं विद्यापीठाच्या जागा वेगवेगळ्या बेटांवर आणि मध्ये समुद्र. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या मंडळींनी तिथले कॉम्प्युटर बिनतारी जोडले. अडचण अशी, की सगळे एकाच वाहिनीवर बोलणार. एक तारखेला पेन्शनच्या काउंटरवर टोकन देणं बंद केलं तर जे होईल, तेच! दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया. त्यावर त्यांचा तोडगा सोपा होता. पोच आली नाही तर थोडं थांबा आणि पुन्हा बोला; मात्र प्रत्येकानं वेगवेगळा वेळ थांबायचं, नाहीतर पुन्हा दोघं एकदमच सुरू व्हाल. या पद्धतीत वाहिनीचा उपयोग फार तर अठरा टक्के होतो असं गणित सांगतं. आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीनंतर साधारण हाच आकडा पडतो. आजचं वायफाय त्याच घराण्यातलं, फक्त थोडं सभ्य झालेलं. ते आधी कानोसा घेतं आणि कुणी बोलत नसेल तरच तोंड उघडतं.

बोलायला जागा कुठली मिळाली, तीही मजा ऐका. आकाशातले बरे बरे प्लॉट रेडिओ, टीव्ही, विमानं यांनी आधीच धरलेले. १९८५ साली अमेरिकेनं काही पट्टे बिनपरवाना वापराला मोकळे केले. कुठले, तर जिथं मायक्रोवेव्ह ओव्हनसारख्या यंत्रांची गडबड चालायची ते. स्टेशनामागची जागाच म्हणा ना! २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा त्यातलाच. म्हणून अजूनही शेजारच्या ओट्यावर ओव्हनमध्ये भात गरम होऊ लागला की रेंज अडखळते.

त्या जागेवर लवकर बिऱ्हाड थाटणाऱ्यांत एनसीआर ही कंपनी होती. तिचं जुनं नाव नॅशनल कॅश रजिस्टर, म्हणजे दुकानाच्या गल्ल्यावरची यंत्रं करणारी. दुकानाची मांडणी बदलली की गल्ल्यांच्या तारा उपटून पुन्हा ओढायच्या, हा ताप चुकावा म्हणून नेदरलँड्समधल्या तिच्या लोकांनी बिनतारी जोडणी तयार केली. त्यांच्यातलेच विक हेज १९९० पासून नियम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष. पहिला नियमग्रंथ निघाला १९९७ मध्ये. सात वर्षं! पगारवाढीच्या कराराची वाट पाहिलेल्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही.

राहिल्या भिंती. त्या रेंज नुसती खात नाहीत, परतही फेकतात. मंगल कार्यालयात लाउडस्पीकर जसा घुमतो, तसा एकच निरोप चार भिंतींवर आपटून चार वेळा कानी पडतो. यावर ऑस्ट्रेलियातल्या जॉन ओसुलिव्हन यांच्या चमूनं उपाय काढला. हे गृहस्थ मूळचे आकाशातल्या फुटणाऱ्या छोट्या कृष्णविवरांच्या शोधात होते. ती सापडली नाहीत, पण त्या खटाटोपात विस्कटलेल्या लहरी निवडण्याचं गणित हाती लागलं. घुमणाऱ्या खोलीत एकानं भरभर बोलण्याऐवजी पन्नास जणांनी आपापल्या सुरात सावकाश बोलावं, म्हणजे पहिल्या अक्षराचा प्रतिध्वनी विरेपर्यंत दुसरं येत नाही, अशी युक्ती. त्याचं पेटंट १९९६ मध्ये अमेरिकेतही मिळालं आणि पुढे तिथल्या कंपन्यांकडून कोट्यवधी डॉलर वसूल झाले.

आणि आपण? १९३३ च्या कायद्यानं आपल्याकडे बिनतारी यंत्र बाळगायलाच परवाना लागे. वडिलांच्या पिढीनं घरच्या रेडिओसाठी पोस्टात रांगा लावून लायसनच्या पुस्तकावर तिकिटं डकवून घेतली. २.४ चा पट्टा आपल्याकडे मोकळा झाला तो जानेवारी २००५ मध्ये. आज आपण अर्ज न करता, शिक्का न मारता जी रेंज वापरतो, तिच्यासाठी एवढं सगळं व्हावं लागलं. २०२० च्या टाळेबंदीत शाळा घरात आली तेव्हा मागच्या खोलीतल्या पोरांचं वर्ष त्या रेंजवर टांगलेलं होतं.

मग ती भिंतीपलीकडे न्यायची कशी? उभ्या शिंगाची रेंज मेदूवड्यासारखी आडवी पसरते, वर-खाली कमी. म्हणून बॉक्स घराच्या मध्यावर, थोडा उंच, पोलादी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांपासून लांब ठेवावा. २.४ चा पट्टा सावकाश, पण भिंतीतून बरा जातो; ५ चा पट्टा चपळ, पण भिंत दिसली की दमतो. जाड भिंती दोन-तीन असतील तर एक तार ओढून मागच्या बाजूला दुसरा बॉक्स बसवणं उत्तम. तारेला लाजू नये.

ताकदवान बॉक्स आणून मात्र सगळं भागत नाही. कारण मोबाइललाही उत्तर द्यायचं असतं, आणि त्याचा आवाज मुळातच बारीक. बॉक्स ओरडला तर पलीकडे ऐकू जाईल, पण पलीकडचं त्याला ऐकू येणार नाही. घरातल्या कर्त्या माणसांना हे निराळं समजावून सांगायला नको. तेव्हा बॉक्सची जागा ठरवताना हॉलची शोभा बघू नये. ज्याचा आवाज सर्वांत बारीक, त्याचं बोलणं जिथून ऐकू येईल तिथं तो बसवावा.