वारा दळण्याची गिरणी

१८१८ साल म्हटले की मराठी माणसाला एकच गोष्ट आठवते : पेशवाई बुडाली. शाळेत मीही तेवढीच पाठ केली होती. त्याच साली तिकडे इंग्लंडात आणखी एक अनर्थ घडला होता आणि तो पुढे दोनशे वर्षांनी आमच्या दादरच्या दिवाणखान्यात, खिडकीजवळ, बरोबर माझ्या आरामखुर्चीच्या जागी येऊन उभा राहणार होता, हे काही मास्तरांनी सांगितले नव्हते.

अनर्थाचे नाव ट्रेडमिल. आणली चिरंजीवांनी.

"बाबा, आता पाऊस असो, ऊन असो, घरच्या घरी धावता येईल."

"घरच्या घरी धावायला यंत्र कशाला?" मी म्हटलं. "तुझी आई तीस वर्षं धावतेय."

सौ.ने आतून भांडे आपटून अनुमोदन दिले.

मी शिवाजी पार्कचा माणूस. गेली बावीस वर्षे रोज सकाळी पार्काला तीन फेऱ्या मारतो. एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास. माझ्या धावण्याला कट्ट्यावरची मंडळी 'घाईचं चालणं' म्हणतात. पण बूट धावण्याचे आहेत आणि घाम खरा आहे. अशा माणसाने जागच्या जागी पळायचे म्हणजे पोहणाऱ्याने बादलीत उतरायचे. पण चिरंजीव इंजिनियर. त्यांच्याशी नुसत्या उपमांनी भांडता येत नाही, पुरावा लागतो. म्हणून मी या यंत्राची कुळकथा शोधायला लागलो, आणि शत्रूचे चारित्र्य माझ्या अपेक्षेपेक्षाही वाईट निघाले.

'ट्रेड' म्हणजे पाय देणे आणि 'मिल' म्हणजे गिरणी. तेव्हा ही पायांनी चालवायची गिरणी. आणि पाय कोणाचे, तर कैद्यांचे. विल्यम क्युबिट नावाचा एक इंग्रज इंजिनियर होता. गिरणीवाल्याचा मुलगा, स्वतः गिरण्यांची यंत्रे बांधणारा. बरी सेंट एडमंड्सच्या तुरुंगात कैदी रिकामटेकडे बसलेले त्याने पाहिले. आपल्याकडे रिकामा माणूस दिसला तर आपण त्याच्या शेजारी जाऊन बसतो. क्युबिटने त्याच्यासाठी यंत्र काढले. पाणचक्कीच्या चाकासारखे, पण चांगले लांबरुंद चाक, आणि त्याच्या परिघावर पायऱ्या. कैद्यांनी ओळीने उभे राहून समोरचा दांडा धरायचा आणि पायरी चढायची. वजनाने ती पायरी खाली जाते, की पुढची समोर हजर. म्हणजे जिना आहे, पण वरचा मजला नाही.

१८२१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात हे चाक लागले आणि तिथून त्याची साथ पसरली. सुरुवातीला चाकाला जाते जोडून धान्य तरी दळत, कुठे पाणी उपसत. पुढे पुढे अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले, की काम निघाले नाही तर शिक्षा अधिकच चांगली होते. कोल्डबाथ फील्ड्सच्या तुरुंगात चाकाच्या दुसऱ्या टोकाला नुसता भलामोठा पंखा होता. तो फिरायचा, हवा ढवळायचा, बस्स. कैदी त्याला 'वारा दळणे' म्हणत. हा शब्दप्रयोग वाचला आणि सदतीस वर्षांची माझी सरकारी नोकरी डोळ्यांसमोरून सरकली.

पण थट्टा तिथवरच. १८६५ नंतर सक्तमजुरीवाल्या कैद्याला दिवसाला सुमारे साडेआठ हजार फुटांचा चढ ठरला होता. कळसूबाई पाच हजार चारशे फूट. म्हणजे रोज दीड कळसूबाई, तीही वाटेत झाड नाही, वारा नाही, वर देऊळ नाही. ऑस्कर वाइल्डसारख्या लेखकाला १८९५ साली दोन वर्षांची सक्तमजुरी झाली तेव्हा त्यालाही या चाकावर चढवले होते. जमैकात १८३४ मध्ये गुलामगिरी कागदोपत्री संपली आणि मुक्त म्हणवल्या गेलेल्या माणसांना याच चाकावर टांगून फटके मारण्यात आले. आपल्याकडे अंदमानच्या सेल्युलर जेलात ते काम कोलूने केले. तिथे निदान तेल निघत असे. पण ते काढता काढता माणसाचे काय निघे, त्यावर विनोद करण्याची माझी प्राज्ञा नाही.

इंग्लंडात १८९८ च्या कायद्याने या चाकाची सद्दी संपवली. क्युबिटसाहेबांचे मात्र काही बिघडले नाही. १८५१ च्या प्रदर्शनातल्या काचमहालाच्या बांधकामावर त्यांनी देखरेख केली आणि त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. इतिहासात हे असेच चालते.

एवढा दारूगोळा जमवून मी चिरंजीवांवर तुटून पडलो. ते शांतपणे म्हणाले, "बाबा, घाण्याचा बैल तर तिथूनच ना? मग घाण्याचं तेल का आवडीनं आणता?" वर त्यांनी मला शास्त्र शिकवले. माझी समजूत अशी, की पट्टा आपोआप मागे जातो, आपण नुसते पाय उचलायचे, म्हणजे निम्मे काम यंत्राचे. ते म्हणाले, साफ चूक. पट्टा एकसारख्या वेगाने चालत असेल तर पायांच्या दृष्टीने पट्टा मागे गेला काय नि तुम्ही पुढे गेलात काय, सारखेच. धावत्या आगगाडीत डब्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जाताना तुमचे श्रम कमी होतात का? (दादरला लोकलमध्ये शिरलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये, पण मुद्दा कळला.) फरक पडतो तो वाऱ्याचा. बाहेर माणूस हवा कापत जातो, आत हवा जागच्या जागी असते. १९९६ मध्ये जोन्स आणि डाउस्ट या दोघांनी नऊ धावपटूंवर प्रयोग करून दाखवले, की पट्ट्याला एक टक्का चढ दिला की बाहेरच्या धावण्याइतकीच शक्ती खर्च होते. तीही ताशी साडेदहा किलोमीटरच्या पुढच्या वेगांची गोष्ट.

"आणि तुमच्या वेगाला," चिरंजीव म्हणाले, "हवेला पत्ताही लागत नाही."

हा घाव घेऊन मी कट्ट्यावर गेलो आणि अण्णांना सगळा इतिहास ऐकवला. अण्णा म्हणजे माझे बावीस वर्षांचे सहधावक. बँकेत हिशेब तपासण्यात हयात गेलेली. ते कैद्यांच्या हकिकतीने फार हळहळले. मग म्हणाले, "पण आपण तरी कुठं पोचतो हो? सव्वा किलोमीटर धापा टाकतो नि परत याच नारळवाल्यापाशी."

मी विषय बदलला. तिसऱ्या फेरीत महाराजांच्या पुतळ्यापाशी माझी लेस सुटायची असे, ती बांधायला मी वाकलो.

ही लेस रोज तिथेच सुटे. गेले सहा महिने. वाकून सावकाश बांधली, दोन मिनिटे पोरांचे नेटमधले क्रिकेट पाहिले, की छातीवरचा दाब उतरे आणि मी पुन्हा निघे. दाबाचे कारण आदल्या दिवशीचा वडा. वडा नसेल त्या दिवशी हवामान. अण्णाही तोवर तिथे थांबून महापालिकेच्या कारभारावर बोलत. उघड्यावर धावण्याचा हा मोठा फायदा : माणसाला थांबायला सन्मान्य कारणे मिळतात.

सौ.ने मात्र लेसचा हिशेब कुठून तरी लावला आणि मला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, टी.एम.टी. करून घ्या. आत गेलो, शर्ट काढला, छातीवर दहा ठिकाणी चिकटपट्ट्या लागल्या आणि समोर पाहतो तो काय, क्युबिट!

हा त्याच्या खानदानातला सुधारलेला मुलगा. अमेरिकेत सिॲटलला रॉबर्ट ब्रूस नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. तोवर हृदयाचा आलेख काढायचा तो बहुधा माणूस आडवा, विश्रांतीत असताना. आणि विश्रांतीत कुणाचे हृदय तक्रार करते? ब्रूस यांनी रोग्याला चालत्या पट्ट्यावर चढवून आलेख घेतला. १९६३ मध्ये त्यांनी पक्की केलेली रीत आजही चालते : पहिली तीन मिनिटे ताशी पावणेतीन किलोमीटरच्या आत, दहा टक्के चढावर, मग दर तीन मिनिटांनी वेगही वाढणार, चढही वाढणार. (घरचे यंत्र नंतरचे. न्यू जर्सीच्या विल्यम स्टॉब या इंजिनियरने केनेथ कूपर यांचे १९६८ चे 'एरोबिक्स' हे पुस्तक वाचून ते काढले. हे गृहस्थ २०१२ साली, शहाण्णव वर्षांचे होऊन वारले. माझ्या वादात ही माहिती अडचणीची होती, म्हणून मी ती चिरंजीवांना सांगितली नव्हती.)

पहिली तीन मिनिटे मी तोऱ्यात चाललो. सातव्या मिनिटाला तो ओळखीचा दाब आला. इथे महाराजांचा पुतळा नव्हता, क्रिकेट नव्हते, महापालिका नव्हती. पट्टा चालूच.

"जरा थांबवता का? लेस सुटली," मी म्हणालो.

यंत्रावरच्या मुलीने आधी माझ्या बुटांकडे पाहिले, मग पडद्याकडे.

"काका, लेस सुटलेली नाही," ती म्हणाली आणि तिने डॉक्टरांना हाक मारली.

पुढचे सगळ्यांच्या घरी कधी ना कधी होते तसेच. अँजिओग्राफी, एक स्टेंट, चार दिवस फळांचे रस आणि पंधरा दिवस नातेवाईक. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. नंतर सहा आठवडे मला बाहेर धावायला बंदी होती. डॉक्टरांनी आखून दिलेल्या वेगाने मी खिडकीजवळच्या त्या यंत्रावर चाललो. चिरंजीव शेजारी उभे राहत आणि एक अक्षर बोलत नसत. त्यांनी टोमणा मारला असता तर बरे वाटले असते.

आता पुन्हा पार्कात जातो. एकच फेरी. लेसचे बूट टाकून पट्ट्याचे घेतलेत.

प्रश्न उरलाय तो अण्णांचा. परवा पुतळ्यापाशी ते थांबले, कमरेवर हात ठेवून महापालिकेवर बोलू लागले, आणि मी घड्याळात पाहिले. तीन मिनिटे. काल साडेतीन. मी म्हटलं, "अण्णा, एकदा टी.एम.टी. करून घ्या."

"छे हो!" अण्णा म्हणाले. "तुम्हीच नाही का सांगितलंत, ते कैद्यांना छळायचं यंत्र आहे म्हणून? आपण नाही बुवा त्याच्यावर चढणार."

गुरुवारची वेळ मी त्यांच्या नावाने घेऊन ठेवली आहे. वहिनींना सांगून झाले. बुधवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जाणार आहे, आणि कळसूबाईपासून कोलूपर्यंत जे जे मी कट्ट्यावर बसून त्यांना ऐकवले, ते सगळे आता उलटे कसे सांगायचे याची सकाळपासून टिपणे काढतो आहे.