क्यूबाचे मुष्टियोद्धे आणि परतीची वाट

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्यूबाचा कर्णधार हुलिओ सेसार ला क्रूझ पहिल्याच लढतीत पराभूत झाला. दोन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि पाच जागतिक विजेतेपदे त्याच्या नावावर होती. त्याला हरवणारा लोरेन अल्फोन्सो अझरबैजानच्या वतीने उतरला होता. जन्माने मात्र तोही क्यूबनच. त्या स्पर्धेत क्यूबाच्या संघाला मुष्टियुद्धात एक सुवर्ण आणि एक कांस्य मिळाले. क्यूबात जन्मून अझरबैजान, स्पेन आणि बल्गेरिया यांच्यासाठी लढणाऱ्यांनी एक रौप्य आणि दोन कांस्य पदके नेली. म्हणजे त्या मातीत मुष्टियोद्धे निपजणे थांबलेले नाही. ते तिथे राहत नाहीत, एवढेच.

क्यूबन मुष्टियुद्धाची चर्चा बहुधा दोन टोकांची होते. एका बाजूला पैशाला भुलून देश सोडणारे, दुसऱ्या बाजूला पैसा नाकारणारे निष्ठावंत. इतिहास थोडा मागून वाचू लागलो, की हे चित्र अपुरे वाटू लागते. क्रांतीपूर्वीच्या क्यूबात मुष्टियुद्ध व्यावसायिकच होते आणि त्यात यश मिळवणारा मनुष्य देशाला मुकत नव्हता. १९३१ साली फिलाडेल्फियात जगज्जेतेपद मिळवणारा 'किड चॉकलेट' हा त्या देशाचा पहिला जगज्जेता. तो अमेरिकेत लढला, तेथे कमावले, उधळले आणि पुढे हवानात येऊन राहिला. १९८८ साली तेथेच वारला. १९५१ मध्ये वेल्टरवेट विजेता झालेल्या 'किड गाविलान'ने पुढच्याच वर्षी आपले विजेतेपद हवानात, घरच्या प्रेक्षकांसमोर राखले. जाणे आणि परतणे या तेव्हा एकाच आयुष्यातल्या दोन साध्या गोष्टी होत्या.

त्या व्यवसायाची काळी बाजू नाकारण्याचे कारण नाही. जुगार, दलाल आणि गुन्हेगारी टोळ्या यांचा वावर त्यात होता, आणि ऊस कापणाऱ्या, बूट पुसणाऱ्या गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय मुलांच्या शरीरावर दुसरेच लोक श्रीमंत होत होते. १९६२ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क येथे एमिल ग्रिफिथशी लढताना क्यूबाचा बेनी 'किड' पारेत बेशुद्ध पडला आणि काही दिवसांनी मरण पावला. दूरचित्रवाणीवरून लाखो लोकांनी ती लढत पाहिली होती. फिदेल कास्त्रोंच्या सरकारने १९६१-६२ च्या सुमारास व्यावसायिक खेळावर बंदी घातली, तेव्हा खेळाडूचे शोषण थांबवणे हा तिचा घोषित हेतू होता. तो पोकळ होता असे म्हणता येणार नाही.

पण बंदीबरोबर परतीची वाटही बंद झाली. होसे नापोलेस आणि 'शुगर' रामोस मेक्सिकोला गेले, लुईस रॉड्रिग्ज मायामीला. २१ मार्च १९६३ रोजी लॉस एंजेलिसच्या एकाच मैदानावर रामोस आणि रॉड्रिग्ज या दोन क्यूबनांनी एकाच रात्री जगज्जेतेपदे जिंकली. त्या रात्री रामोसशी लढलेला डेव्ही मूरही पुढे दगावला. ज्या रात्रीचा हवानात उत्सव व्हायचा, ती क्यूबाच्या अधिकृत क्रीडा-इतिहासाच्या बाहेरच राहिली.

मागे उरलेल्यांतून जे उभे राहिले, ते मात्र थक्क करणारे होते. अल्सिदेस सागारा यांनी सोव्हिएत प्रशिक्षकांची शिस्त आणि क्यूबन पायांची लय यांचा मेळ घातला. शाळकरी वयात मुले हेरायची, प्रांतिक अकादमीत घडवायची आणि निवडक मुलांना हवानाजवळच्या राष्ट्रीय शिबिरात आणायचे, अशी साखळी तयार झाली. १९७२ च्या म्युनिकमध्ये तीन सुवर्णपदके आली. १९९२ च्या बार्सिलोनात बारापैकी सात. पॅरिसपर्यंतची एकूण बेरीज ४२ भरते. यात क्यूबाच्या पुढे केवळ अमेरिका आहे, आणि १९८४ व १९८८ च्या दोन ऑलिंपिकना तर क्यूबा गेलाच नव्हता.

या व्यवस्थेचा आदर्श पुरुष म्हणजे तेओफिलो स्टीव्हन्सन. तीन ऑलिंपिकमधला हा हेवीवेट विजेता मुहम्मद अलीशी लढावा म्हणून लाखो डॉलर पुढे करण्यात आले. लक्षावधी क्यूबनांच्या प्रेमापुढे या पैशाचे मोल काय, असे त्याचे उत्तर प्रसिद्धच आहे. त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. पण त्याला निवडायचे होते ते पैसा आणि देश यांमधून. पैसा घेऊन घरी परतण्याचा तिसरा पर्याय त्याच्यापुढे कोणी ठेवलाच नव्हता. त्यागाची थोरवी गाताना ही गोष्ट सहसा निसटते.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाची अर्थव्यवस्था खचली आणि त्यागाची किंमत वाढत गेली. बार्सिलोनाचा सुवर्णविजेता होएल कासामायोर १९९६ मध्ये, अटलांटा ऑलिंपिकच्या तोंडावर, संघ सोडून गेला. २००४ च्या अथेन्समधील पाच सुवर्णविजेत्यांची कथा याहून बोलकी आहे. गांबोआ, सोलिस आणि बार्तेलेमी हे तिघे २००६ च्या अखेरीस व्हेनेझुएलातील शिबिरातून निसटले. गिलेर्मो रिगोंडो आणि त्याचा सहकारी एरिसलांदी लारा २००७ मध्ये रिओच्या पॅन अमेरिकन स्पर्धेतून नाहीसे झाले, ब्राझीलच्या पोलिसांना सापडले आणि परत धाडले गेले. पुन्हा राष्ट्रीय संघात त्यांना स्थान मिळाले नाही. लारा २००८ मध्ये गेला, रिगोंडो २००९ मध्ये. पाचांपैकी चौघे गेले. २००८ च्या बीजिंगमध्ये १९६८ नंतर प्रथमच क्यूबा मुष्टियुद्धातील सुवर्णाविना परतला.

येथे आपल्या देशाशी जुळणारा एक धागा आहे. बीजिंगच्या उपान्त्य फेरीत आपल्या विजेंदर सिंगला हरवणारा एमिलिओ कोरेआ हा म्युनिकच्या एका सुवर्णविजेत्याचा मुलगा. आणि विजेंदरच्या पिढीला घडवणाऱ्यांत ब्लास इग्लेसियास फर्नांडिस हे क्यूबन प्रशिक्षक होते. ते १९९० मध्ये भारतात आले आणि २०१२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळवणारे पहिले परदेशी प्रशिक्षक ठरले. क्यूबाने आपले प्रशिक्षक जगभर पाठवले आणि त्यात कोणाला द्रोह दिसला नाही. गुरूची विद्या मोबदला घेऊन परदेशी जाऊ शकत होती. शिष्याच्या मुठीला तेवढी ती मुभा नव्हती.

अखेर २०२२ मध्ये ती मुभा मिळाली. मेक्सिकोतील एका प्रवर्तक कंपनीशी करार झाला आणि मे महिन्यात आग्वासकालिएन्तेस येथे सहा क्यूबन योद्धे व्यावसायिक लढतींत उतरले, सहाही जिंकले. कमाईतला ८० टक्के वाटा खेळाडूचा, उरलेला प्रशिक्षक व वैद्यकीय पथकाचा, असे जाहीर झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस स्त्रियांनाही मुष्टियुद्धाची परवानगी मिळाली. साठ वर्षांची भिंत इतक्या शांतपणे बाजूला सरली.

ही मुभा उशिराची आहे, हा तिचा पहिला दोष. त्या सहा जणांपैकी ला क्रूझ, रोनिएल इग्लेसियास आणि लासारो आल्वारेस तिशी ओलांडलेले होते. तीन फेऱ्यांत गुण वेचण्याची कला आणि बारा फेऱ्यांची व्यावसायिक लढत यांत मोठे अंतर असते, आणि ते ओलांडायला उमेदीची वर्षे लागतात. रोबेइसी रामिरेझ हा दोन ऑलिंपिकचा विजेता २०१८ मध्ये देश सोडून गेला. पुढच्या वर्षी आपली पहिलीच व्यावसायिक लढत तो हरला आणि जगज्जेता व्हायला त्याला २०२३ उजाडले. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. दुसरा अडथळा क्यूबाच्या हातातला नाही. या खेळातला सर्वांत मोठा पैसा अमेरिकेत आहे आणि क्यूबातच राहणाऱ्या खेळाडूला अमेरिकी निर्बंधांमुळे तो सहजी मिळू शकत नाही. बेसबॉलपटूंसाठी २०१८ मध्ये दोन्ही देशांच्या संघटनांनी केलेला असाच करार अमेरिकी सरकारने २०१९ मध्ये रद्द केला होता. म्हणून टोकियोचा सुवर्णविजेता अँडी क्रूझ याच्यासारखा तरुण मुभा मिळाल्यानंतरही निघून गेला आणि २०२३ मध्ये अमेरिकेत व्यावसायिक झाला.

तेव्हा भवितव्याचा प्रश्न हौशी की व्यावसायिक असा उरलेला नाही. तो वाद २०२२ मध्येच निकालात निघाला. वीस-बावीस वर्षांचा एखादा मुलगा सांता क्लारा किंवा कामाग्वेहून निघून परदेशी लढेल, आपले मानधन स्वतःच्या हाती घेईल आणि पुढच्या आठवड्यात आईच्या स्वयंपाकघरात बसून जेवेल, हे शक्य होईल का, एवढाच प्रश्न आहे. किड चॉकलेटला ते जमत होते. ते पुन्हा जमण्यासाठी हवाना आणि वॉशिंग्टन या दोघांनाही आपापला हट्ट सोडावा लागेल. तोवर क्यूबाचे मुष्टियोद्धे जिंकत राहतील, पण बहुधा परक्या ध्वजाखाली. आणि त्यांना पहिला ठोसा शिकवणारा म्हातारा गुरू त्यांचा विजय दूरच्या पडद्यावरच पाहील.