लीड्स युनायटेडची अवनती (२००१–२००७) : एक आर्थिक-ऐतिहासिक आढावा

इंग्लंडमधील फुटबॉल स्पर्धेत गुणतक्त्याच्या तळाशी राहणाऱ्या संघांना पुढील हंगामात खालच्या श्रेणीत उतरावे लागते. या अवनतीची कारणे सामान्यतः मैदानावर शोधली जातात. लीड्स युनायटेडच्या बाबतीत मात्र ती हिशेबवहीत आढळतात.

क्लबने २००० मध्ये रिओ फर्डिनांड या खेळाडूसाठी १.८ कोटी पौंड मोजले. २००१ मध्ये संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचला. त्याच वर्षी भावी तिकीटविक्रीच्या तारणावर ६ कोटी पौंडांचे कर्ज उभारण्यात आले. तथापि २००१ व २००२ या दोन्ही वर्षी चॅम्पियन्स लीगची पात्रता हुकली. अपेक्षित उत्पन्न आले नाही. व्याज आणि वेतनाचे करार मात्र कायम राहिले. परिणामी फर्डिनांडसह प्रमुख खेळाडू विकावे लागले. २००४ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली उतरला व एलंड रोड हे मैदानही विकले गेले. २००७ मध्ये कर्जबाजारी क्लबचा कारभार प्रशासकांकडे जाताच १० गुण कापले गेले आणि संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीगमध्ये परतण्यास २०२० साल उजाडले.

सारांश, अनिश्चित यशाला निश्चित उत्पन्न मानणे हे या अवनतीचे मूळ होय. निर्णय मूठभर संचालकांचे होते. हानी मात्र निष्ठावान प्रेक्षकांना सोसावी लागली.