मिसकॉलची भाषा

भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण झाले ३१ जुलै १९९५ रोजी. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. २००३ साली येणारे फोन फुकट झाले, आणि गरिबाच्या खिशात मोबाइल आला.

पण बोलायला पैसे कुठे होते? मग लोकांनी न बोलता बोलण्याची युक्ती काढली. तिचे नाव मिसकॉल. घंटा वाजवायची आणि समोरच्याने उचलण्याआधी बंद करायची. कंपनीला दमडी नाही, निरोप मात्र पोचला!

आपल्या खानदेशातली किती माणसे पोटासाठी सुरतेला गेली. भुसावळ-सुरत गाडीत बसणाऱ्याला आई सांगायची, ‘पोहचना का मिसकॉल मारजो.’ एक घंटा म्हणजे सुखरूप पोचलो, दोन म्हणजे तू फोन कर. असे संकेत घरोघरी ठरलेले. रावेर-यावलचा केळी उत्पादक व्यापाऱ्याला मिसकॉल देई, कारण भाव सांगण्याची गरज व्यापाऱ्यालाही होती. रमजानमध्ये सहरीला शेजारी एकमेकांना मिसकॉलनेच उठवत.

ही चतुराई केवळ आपलीच नव्हे. दूर आफ्रिकेत, घानामध्ये याला ‘फ्लॅश करणे’ म्हणतात. समुद्रापलीकडच्या माणसांनाही तीच अडचण, तोच उपाय.

यात एक अलिखित कायदा होता. मिसकॉल धाकट्याने थोरल्याला, बेकाराने कमावत्याला, बहिणीने भावाला द्यायचा. मालकाने नोकराला दिला तर गावात हसू व्हायचे. ज्याच्याकडे आहे त्याने खर्च करायचा, हा न्याय कुणी सरकारने सांगितला नव्हता.

पुढे बाजाराने ही युक्ती उचलली. २०११ साली अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला लोकांनी मिसकॉल देऊन पाठिंबा नोंदवला. नंतर पक्षांची सदस्यनोंदणीही त्यावर झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, बोलणे जवळजवळ फुकट झाले, आणि मिसकॉलची गरज सरली.

स्वस्ताई आली याचा आनंदच आहे. आईला आता मुलाचा चेहराही दिसतो. पण पूर्वी एका घंटेवर समोरचा माणूस हातातले काम टाकून उलटा फोन करायचा. आज चार फोन न उचलणाऱ्यालाही आपण ‘बिझी असेल’ म्हणून सोडून देतो. फोनचे दर उतरले, हाकेचे मोल उतरू नये, एवढेच.