निराश्रितांस जागा : बडोदे व केडगाव

इ. स. १९१७ च्या सप्टेंबर महिन्यात बडोद्याच्या कमाटी बागेत, जिला सयाजी बाग असेही म्हणतात, भीमराव रामजी आंबेडकर मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वाट पाहत बसले होते. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकले होते आणि करारानुसार संस्थानच्या चाकरीत रुजू झाले होते. परंतु राजधानीत त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी नाव धारण करून ते अकरा दिवस एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून हाकलले. मग ते दोन स्नेह्यांकडे गेले. हिंदू स्नेही म्हणाला की, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा स्नेही ख्रिस्ती होता. त्याची पत्नी दुसऱ्या दिवशी बडोद्यास यावयाची होती. तिला विचारून सांगतो, असे त्याने उत्तर दिले. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण; पती विचाराने उदार झाला होता, पण पत्नीने अस्पृश्यास घरात घेतले नसते, असे आंबेडकरांना मागाहून कळले. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. त्या बाईंना प्रत्यक्ष कोणी विचारले होते काय, हे मात्र त्यात नाही.

शाळेतील मुलांना निराश्रितांच्या सेवेत कसे सहभागी करावे, ह्या प्रश्नाचा विचार आम्ही ह्या प्रसंगापासून आरंभतो, ह्याचे कारण उघड आहे. ज्याला घर नाही त्याला देण्याची पहिली वस्तू म्हणजे जागा. आणि जागा देण्याची सवय मोठेपणी एकाएकी लागत नाही.

ह्याच मुलखात सतरा वर्षांपूर्वी हजारो लोक उघड्यावर पडले होते. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातेत ‘छपन्निया’ म्हणून ओळखला जातो. बडोदे संस्थानची लोकसंख्या १८९१ साली २४ लाख १५ हजार होती. १९०१ च्या शिरगणतीत ती १९ लाख ५२ हजारांवर आली. बडोद्यात मेथडिस्ट मिशनने, तर इतरत्र आयरिश प्रेस्बिटेरियन, मुक्तिफौज आदी मिशनांनी अनाथ मुले पदरी घेतली. गुजरातेतील कित्येक ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास ह्या अनाथाश्रमांपासून सुरू होतो. त्या कार्याचे मोल कमी नाही. पण तेथे मुले मुख्यतः घेणारी होती. मुले देणारी झाली, त्याचे उदाहरण पाहावयास महाराष्ट्रात यावे लागते.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. ती विधवांची शाळा होती. ब्राह्मण मुलींना आपला स्वयंपाक निराळा ठेवण्याची तेथे मोकळीक होती. १८९७ साली मध्य प्रांतातील दुष्काळाची वार्ता ऐकून रमाबाई तिकडे गेल्या. त्यांच्या दृष्टीने ही दूरची हकिगत नव्हती. सोळा वर्षांच्या असताना, १८७४ च्या सुमारास, त्यांचे आईवडील उपासमारीत गेले होते, आणि नंतर त्या भावासह वर्षानुवर्षे पायी हिंडल्या होत्या. त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. म्हणून पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे विकत घेतलेल्या माळावर तात्पुरत्या छपरांखाली त्यांची सोय करण्यात आली. मुक्तिसदनाचा आरंभ असा झाला.

ह्या मुली नाना जातींच्या होत्या. अंगावर चिंध्या, डोक्यात उवा, फोड आलेले, आणि भुकेने स्वभावही बिघडलेला. अन्न दिसले की ते लपवून ठेवावे, एकमेकींच्या हातचे हिसकावून घ्यावे. काही वाचल्या नाहीत. त्यांना न्हाऊ घालणे, भरविणे, अक्षरे गिरवून घेणे ह्या कामी रमाबाईंनी केवळ पगारी माणसे नेमली नाहीत. शारदासदनात शिकलेल्या मुलींनी ते अंगावर घेतले. थोरलीच्या हाती धाकट्या सोपविल्या गेल्या. कालपर्यंत ज्यांची चूल वेगळी होती, त्यांतील काही आता कुणब्यांच्या व त्याहून खालच्या मानलेल्या जातींच्या पोरींचे केस विंचरीत होत्या. आमच्या मते शारदासदनात जातीविषयी जे काही शिकविले गेले असेल, त्याहून हे शिक्षण खोल गेले.

पुढे छपन्निया दुष्काळ आला, तेव्हा रमाबाईंनी मुक्तीतील स्त्रियांना गुजरातेत धाडले व तेथून शेकडो मुली आणविल्या. १९०० साली मुक्तीतील वस्ती दीड हजारांवर गेली. ज्यांना तीन वर्षांपूर्वी मध्य प्रांतातून उचलून आणले होते त्या आता जुन्या झाल्या होत्या, आणि गुजराती बोलणाऱ्या नव्या पोरींना जागा करून देण्याची पाळी त्यांची होती. त्याच वर्षी मनोरमाबाई अमेरिकेहून शिकून परतल्या आणि शारदासदनाच्या कामात आईच्या हाताशी उभ्या राहिल्या.

हे जसेच्या तसे आज करता येणार नाही, व करूही नये. आजारी बालकांचा भार मुलांवर टाकणे धोक्याचे आहे. परंतु आमच्या शाळा जे करतात तेही तपासून पाहावे. नाताळात घोंगड्या गोळा होतात, शिक्षक त्या वाटून येतात, आणि मुलाला त्या माणसाचे नावही कळत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशान्वये शहरात लाख वस्तीमागे शंभर माणसांचा एक निवारा असावा असे ठरले; त्या मानाने बडोद्यास किमान सोळा निवारे हवेत. त्यांत मुलेही असतात. जन्मदाखला नाही म्हणून त्यांस शाळेत नाकारू नये, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. मात्र २०१४ साली न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्यातून वगळले. दार उघडावे की नाही, हे त्या निकालाने आमच्यावरच सोपविले.

आमच्या माहितीच्या एका शाळेत पुलाखाली राहणाऱ्या दोन भावंडांच्या प्रवेशाचा विषय निघाला होता. पालकांना विचारून सांगतो, असे उत्तर मिळाले. पालकसभा भरली, तीत हा विषय निघालाच नाही. ज्या वर्गात ती भावंडे बसावयाची होती, त्या वर्गातील मुलांना कोणी विचारले नाही.